जॉन बन्यन : नको असलेल्या विचारांचा यात्रिक

एग्मोरच्या पँथियन रस्त्यावरील कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय १८९६ मध्ये खुले झाले. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यानुसार ज्या चार ग्रंथालयांकडे जावयाची असते, त्यांपैकी हे एक होय. त्यामुळे तमिळ व मराठी ग्रंथ येथे एकाच छपराखाली येतात. या दोन साहित्यांमधील एक जुना दुवा मात्र या वास्तूपेक्षाही आधीचा आहे. मराठीत हरि केशवजी यांचे ‘यात्रिकक्रमण’ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या प्रवासरूप रचनेशीही अभ्यासकांनी त्याच मूळ ग्रंथाचा संबंध जोडला. तमिळमध्ये, १८५८ साली मद्रासमध्ये ख्रिस्ती झालेल्या एच. ए. कृष्ण पिळ्ळै यांनी कंबनाच्या परंपरेतील काव्यशैलीत ‘रक्षण्य यात्रिकम्’ हे महाकाव्य रचले व ते १८९४ मध्ये प्रकाशित झाले. या साऱ्यांचे मूळ असलेला ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हा ग्रंथ लिहिणारा जॉन बन्यन भांडी दुरुस्त करणारा एक इंग्रज कारागीर होता.

त्याच्या ग्रंथाने भारतीय भाषांत इतका प्रवास केला. परंतु ज्या यातनेतून तो ग्रंथ निघाला तिची ओळख ग्रंथाबरोबर आली नाही. ज्या विचारांची माणसाला किळस येते नेमके तेच त्याच्या मनात वारंवार उसळावेत, आणि त्या उसळण्यालाच त्याने आपला गुन्हा मानावा, अशी ती यातना होती. बन्यनचे चरित्रकार कित्येक दिवस तिला सैतानाचा हल्ला म्हणत राहिले. पुढील काळातील काही वाचकांना तीत दडपलेले बंड दिसले. दोन्ही वाचनांत एक चूक समान आहे, आणि ती केवळ साहित्यविचारातील चूक नाही. आजही हजारो माणसे तिच्यापायी गप्प बसून झिजतात. त्यासाठी हे चरित्र पुन्हा सांगणे अगत्याचे ठरते.

बन्यनचा जन्म बेडफर्डजवळील एल्स्टो या गावच्या परिसरात झाला. त्याचा बाप्तिस्मा ३० नोव्हेंबर १६२८ रोजी झाल्याची नोंद आहे. बाप टॉमस हा गावोगाव फिरून फुटकी भांडी सांधून देई. मुलानेही तोच धंदा उचलला. शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतेच झाले. १६४४ च्या उन्हाळ्यात त्याची आई वारली आणि महिन्याभरात धाकटी बहीणही गेली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बापाने दुसरा विवाह केला. त्याच वर्षी, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बन्यन पार्लमेंटच्या सैन्यात दाखल झाला. एका वेढ्यावर त्याने जावयाचे होते. ऐनवेळी दुसरा शिपाई त्याच्या जागी गेला आणि पहाऱ्यावर असताना डोक्यात गोळी लागून मेला. हा प्रसंग बन्यनने पुढे आत्मवृत्तात नोंदविला, पण त्याचा अर्थ लावीत बसला नाही. आपल्या वाट्याचे मरण दुसऱ्याने नेले एवढीच ती नोंद होती.

सैन्यातून परतल्यावर, विशीच्या आसपास, त्याने लग्न केले. दोघांच्या संसारात धड ताटवाटीही नव्हती. पत्नीने माहेराहून दोन धर्मपर पुस्तके तेवढी आणली होती. पहिली मुलगी मेरी जन्मांध निघाली. याच सुमारास त्याच्या मनाने धर्माचा ध्यास घेतला. त्याला चर्चच्या घंटा वाजविण्याचा नाद होता. तो नाद पोकळ आहे असे वाटून त्याने तो सोडला, तरी वाजविणाऱ्यांकडे बघत उभे राहण्याची सवय सुटेना. मग मनात आले, घंटा अंगावर कोसळली तर? तो तुळईखाली उभा राहू लागला. घंटा भिंतीवर आपटून उलट अंगावर आली तर, असे वाटून तो मनोऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला. मग मनोराच कोसळला तर, या भीतीने तेथूनही पळाला. संकट टाळण्यासाठी उचललेले प्रत्येक पाऊल पुढच्या संकटाची कल्पना घेऊन येत होते. पुढील साऱ्या आजाराचा नमुना या लहानशा प्रसंगात आहे.

एल्स्टोहून बेडफर्डला जाताना त्याला आणखी एक विचार छळू लागला. आपल्या ठायी श्रद्धा आहे की नाही हे पाहावे. रस्त्यातल्या डबक्यांना कोरडे व्हा अशी आज्ञा करावी. ती कोरडी झाली नाहीत तर आपण बुडालोच. आज्ञा ओठांवर आली, तोच वाटले की आधी कुंपणाआड जाऊन प्रार्थना करावी. आणि प्रार्थनेनंतरही काही घडले नाही तर? त्याने प्रयोग पुढे ढकलला. खात्री हवी, पण खात्रीच्या प्रत्येक कसोटीचे भय वाटते, अशा पेचात तो अडकला होता.

पुढे बेडफर्डमध्ये दारात उन्हाला बसून ईश्वरकृपेविषयी आपापसांत बोलणाऱ्या काही गरीब स्त्रियांचे संभाषण त्याच्या कानी पडले. त्यांच्यामुळे तो जॉन गिफर्ड यांच्या स्वतंत्र मंडळीकडे ओढला गेला. गिफर्ड हे एके काळी राजपक्षाचे मेजर होते. येथे त्याला आधार मिळाला. परंतु खरे वादळ येथूनच सुरू झाले.

त्या पंथाच्या समजुतीप्रमाणे पवित्र आत्म्याची निंदा हे अक्षम्य पाप होते. बन्यनला नेमके तेच शब्द बोलण्याची ऊर्मी होऊ लागली. तोंड उघडू नये म्हणून तो हनुवटीखाली हात दाबून धरण्याच्या बेतात येई. कधी तर उकिरड्याच्या खड्ड्यात डोके खुपसावे, म्हणजे शब्द फुटणार नाहीत, असे त्याला वाटे. प्रार्थनेला बसला की एखादा बैल किंवा केरसुणी डोळ्यांपुढे येई आणि आपण त्यांचीच प्रार्थना करीत आहोत असा भास होई. कुत्र्याचा आणि बेडकाचा जन्म त्याला आपल्यापेक्षा भाग्याचा वाटू लागला.

यानंतर सुमारे वर्षभर टिकलेला विचार सर्वांत भयंकर होता. ख्रिस्ताला विकून टाकावे, एवढाच तो विचार. जेवताना, टाचणी उचलायला वाकताना, लाकूड फोडताना, कुठेही नजर टाकताना तो मनात घुसे. जगातली सारी संपत्ती मिळाली तरी विकणार नाही, असे उत्तर बन्यन तितक्याच वेळा देई, आणि देताना हात व कोपरे असे झटके की जणू कोणा देहधारी शत्रूला ढकलतो आहे. ताटावर बसला की आत्ताच्या आत्ता उठून प्रार्थना केली पाहिजे अशी टोचणी लागे. ही टोचणी धर्माचे सोंग घेऊन येते, हे त्याने स्वतःच पुढे ओळखले. शेवटी एके सकाळी, अंथरुणात पडल्या पडल्या, उत्तरे देऊन थकल्यावर, त्याची इच्छा असेल तर जाऊ दे त्याला, असे काहीसे मनात येऊन गेले. तेवढ्यावरून बन्यनने निष्कर्ष काढला की सौदा झाला. बायबलातील एसावने एका जेवणासाठी आपला वारसा विकला होता. आपणही तेच केले असे तो मानू लागला. पुढील सुमारे दोन वर्षे तो स्वतःला शिक्षा झालेला कैदी समजून जगला.

या काळात त्याने एका वृद्ध, धर्मनिष्ठ गृहस्थांपुढे मन उघडे केले आणि आपल्या हातून अक्षम्य पाप घडले असावे अशी शंका सांगितली. आपल्यालाही तसेच वाटते, असे त्या गृहस्थांनी उत्तर दिले. अधिक बोलल्यावर बन्यनच्या ध्यानात आले की हा मनुष्य भला असला तरी त्याला अशा झगड्याचा अनुभव नाही. परंतु जखम व्हावयाची ती झालीच. रोग्याने मोठ्या धैर्याने तोंड उघडावे आणि ऐकणाऱ्याने विचारालाच कृत्य समजावे, हा प्रसंग सतराव्या शतकाबरोबर संपलेला नाही.

त्याच्या सुटकेला एकच एक क्षण नाही. ल्यूथरने गलतीकरांस पत्रावर लिहिलेल्या भाष्याची जुनी, फाटण्याच्या बेताला आलेली प्रत हाती लागली, आणि आपलीच अवस्था कोणी आधी भोगून लिहून ठेवल्याचे त्याला दिसले. बायबलखालोखाल त्याने या पुस्तकाला मान दिला. पुढे एकदा शेतातून चालताना त्याच्या मनात आले की आपले पुण्य आपल्या मनाच्या बऱ्यावाईट अवस्थेवर अवलंबून नाही. ते आपल्याबाहेर, स्वर्गात, अढळ आहे. धर्मशास्त्राच्या भाषेत हा कृपेचा सिद्धान्त झाला. मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर मनात काय येते याचा पहारा सोडून देण्याची मुभा त्याला येथे मिळाली. विचार आला म्हणून सौदा झाला नाही, हे त्याला पटू लागले.

विचार मात्र थांबले नाहीत, हे विसरता कामा नये. १६५५-५६ च्या सुमारास बन्यन प्रवचने देऊ लागला. भर प्रवचनात, लोकांसमोर, निंदेचे शब्द उच्चारावेत अशी ऊर्मी त्याला येई, आणि तरीही तो प्रवचन पूर्ण करी. १६५८ मध्ये पहिली पत्नी वारली व चार मुले मागे राहिली. १६५९ मध्ये त्याने एलिझाबेथ या तरुण स्त्रीशी विवाह केला.

१६६० मध्ये राजसत्ता परत आली आणि अधिकृत चर्चबाहेरच्या प्रवचनांवर बंदी लागू झाली. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला बन्यनला पकडण्यात आले. यापुढे प्रवचन करणार नाही, एवढे वचन दिले असते तर तो सुटला असता. गरोदर एलिझाबेथचा गर्भ या धक्क्याने गेला. तरीही १६६१ मध्ये तिने न्यायाधीशांपुढे उभे राहून पतीसाठी निर्भयपणे बाजू मांडली. उपयोग झाला नाही. बन्यन बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. नाड्यांच्या टोकांना धातूची टोपणे बसविण्याचे काम करून तो कुटुंबाला हातभार लावी. आंधळ्या मेरीच्या आठवणीने त्याचा जीव तुटे.

या बारा वर्षांकडे आधीच्या दोन वर्षांच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. एका शब्दाने आपण ख्रिस्ताला विकले असे मानून जो मनुष्य होरपळला, त्याच्यापुढे आता खराखुरा सौदा उभा होता. किंमतही खरी होती: घर, पत्नी, आंधळी मुलगी आणि मोकळी हवा. एकच शब्द उच्चारावयाचा होता, आणि तो त्याने उच्चारला नाही. अंथरुणातला तो थकलेला क्षण त्याची इच्छा व्यक्त करीत होता, की बारा वर्षांचा नकार? मनात उसळणारा विचार आणि माणसाचा निश्चय या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा चरित्रवाङ्मयात क्वचितच सापडेल.

तुरुंगातच त्याने ‘ग्रेस अबाउंडिंग’ हे आत्मवृत्त लिहिले. ते १६६६ मध्ये छापले गेले. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या जाहीरनाम्यामुळे तो सुटला आणि बेडफर्डच्या मंडळीचा पाळक म्हणून उघडपणे काम करू लागला. पुढे आणखी सुमारे सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ मध्ये बाहेर पडला व त्याचा दुसरा भाग १६८४ मध्ये आला.

या रूपककथेत मृत्युच्छायेच्या दरीचा प्रसंग आहे. यात्रिक अंधारातून चाललेला असताना एक दुष्ट जीव हळूच मागून येतो आणि त्याच्या कानाशी ईश्वरनिंदेचे शब्द कुजबुजतो. ते आपल्याच मनातून निघाले असे यात्रिकाला वाटते, आणि वाटेतील इतर कोणत्याही संकटापेक्षा या समजाने तो अधिक खचतो. कान झाकून घेण्याचे किंवा शब्द कुठून येतात ते पाहण्याचे भान त्याला राहत नाही. बन्यनने आपल्या आजाराचे निदान येथे केले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कुजबुजणारा कोण, याविषयीचे त्याचे उत्तर त्याच्या काळाचे आहे. परंतु यातनेचे मूळ शब्दांत नसून ते शब्द माझे आहेत या समजुतीत आहे, हे त्याने अचूक हेरले.

१६८८ च्या ऑगस्टमध्ये एका बापलेकांचे भांडण मिटविण्यासाठी तो रेडिंगला गेला. तेथून घोड्यावरून लंडनला येताना पावसात भिजला, तापाने फणफणला आणि ३१ ऑगस्ट रोजी स्नो हिल येथे एका वाणी मित्राच्या घरी मरण पावला. बनहिल फील्ड्स येथे त्याचे दफन झाले.

त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांनी बिशप जॉन मूर यांनी राणी मेरीपुढे धार्मिक विषादावर प्रवचन दिले. उपासनेच्या वेळी येणारे असे किळसवाणे विचार बहुधा सज्जनांनाच छळतात, त्यांच्याशी जितके झुंजावे तितके ते बळावतात, तेव्हा घाबरून कामधाम सोडू नये, असा त्यांचा सांगावा होता. १८९४ मध्ये जोसाया रॉइस यांनी बन्यनच्या अनुभवांचे मानसशास्त्रीय विवेचन केले, आणि १९०२ मध्ये विल्यम जेम्स यांनी धार्मिक अनुभवावरील आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. तीन शतकांपूर्वीच्या माणसाला वैद्यकीय लेबल लावताना संयम हवा हे खरे; तरीही त्याने नोंदविलेल्या खुणा आजच्या चिकित्सकांना ओळखीच्या वाटतात.

मराठीत या विकाराला मंत्रचळ म्हणतात. मंत्र जपताना चूक झाल्यामुळे लागलेले वेड, ही या शब्दामागची जुनी समजूत. आज तो शब्द बहुधा वारंवार हात धुणाऱ्यासाठी किंवा कुलूप पुन्हापुन्हा तपासणाऱ्यासाठी वापरला जातो. हा पहिला गैरसमज होय. कित्येकांच्या बाबतीत बाहेर काहीच दिसत नाही. नवजात बाळाला आपल्या हातून इजा होईल अशा विचाराने आई सुरीला हात लावीत नाही. फलाटावर शेजारच्याला ढकलले जाईल या भीतीने मनुष्य हात पाठीमागे धरून उभा राहतो. बन्यनचा हनुवटीखालचा हात आणि फलाटावरचे हे हात एकाच जातीचे आहेत.

दुसरा गैरसमज असा की विचार येतो त्याअर्थी आत कुठेतरी इच्छा असलीच पाहिजे. रॅकमन व डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की अशाच आशयाचे विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात. ते त्यांना महत्त्व देत नाहीत, म्हणून विचार येऊन जातात. रोगी त्यांना महत्त्व देतो, कारण त्या विचारात त्याला प्रिय असलेल्या गोष्टीवरच घाला असतो. ख्रिस्ताची पर्वा नसलेल्याला ख्रिस्त विकण्याचा विचार छळणार नाही. म्हणूनच अशा विचाराला भिऊन, स्वतःवर पहारा ठेवून जगणाऱ्या माणसाला त्या विचारापोटी धोकादायक ठरविणे चुकीचे आहे. हिंसेची इच्छा बाळगणारा, किंवा भ्रमापोटी आज्ञा ऐकू येते असे मानणारा रोगी, यांच्याहून त्याची अवस्था वेगळी असते. हा भेद जाणत्या चिकित्सकाने पाहावयाचा असतो. घाबरलेल्या नातेवाइकाने नव्हे.

तिसरा गैरसमज उपायाविषयीचा आहे. विचार दाबून टाका, प्रत्युत्तर द्या, पुन्हापुन्हा खात्री करून घ्या, असा सल्ला सहज दिला जातो. बन्यनने वर्षभर प्रत्युत्तरे दिली आणि विचार बळावतच गेला. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेल्या व पुढे विकसित झालेल्या उपचारपद्धतीत रोग्याला भीतीला हळूहळू सामोरे जावयास आणि तिच्यावरचा नेहमीचा उतारा न करावयास शिकवितात. औषधांचाही उपयोग होतो. विचार एकही उरू नये हे या उपचाराचे साध्य नसते. विचार असूनही प्रवचन पूर्ण करता यावे, हे असते. आणि अशा यातनेतूनच प्रतिभा उपजते, हा चौथा गैरसमज साहित्याच्या अभ्यासकांनी तरी पसरवू नये. बन्यनने ग्रंथ लिहिले ते आजार सैल पडल्यावर. ती दोन वर्षे त्याच्या हातून केवळ हिरावली गेली.

मराठीत दोन म्हणी शेजारी शेजारी नांदतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही एक. मनात येणारे ते मनाला हवेसे असते, असा तिचा अर्थ लावला तर बन्यनच्या त्या वृद्ध गृहस्थांचे उत्तर तयार होते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही दुसरी. शत्रूही योजणार नाही असे अनिष्ट आपलेच मन आपल्या माणसांविषयी कल्पिते, आणि ते प्रेमापोटी कल्पिते, हे शहाणपण तिच्यात आहे. हरि केशवजींचा यात्रिक ज्या भाषेत आला तिला ही दुसरी म्हण आधीच ठाऊक होती.

एग्मोरपासून जवळच, किल्पॉकला, १७९४ पासूनची परंपरा सांगणारी मानसोपचार संस्था आहे. ग्रंथालयात यात्रिकाची कथा वाचणारे आणि त्या संस्थेच्या दारात आपल्या विचारांची लाज वाटून घुटमळणारे, यांच्यातील अंतर थोडे आहे. मृत्युच्छायेच्या दरीत यात्रिकाला पुढे कोणाचा तरी आवाज ऐकू येतो. त्यावरून या दरीतून आणखी कोणी चालले आहे हे त्याला कळते, आणि तो पुढचे पाऊल टाकतो. बन्यनने आपले आत्मवृत्त छापून तेच काम केले.